कापलेलं मिनिट

राजारामपुरी, कोल्हापूर
५ ऑगस्ट २०२४

आक्का, जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून कुणीतरी गेलं असं समजू नकोस. घरातलं कुणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवरून तू मला तीन वर्षांपूर्वीच हद्दपार केलंस, आणि मुरगूडला येऊन तुझ्या दारात उभं राहायचं तर आधी कुणाचे तरी पाय उसने आणावे लागतील. राहिलं पोस्ट. तिकीट मागितलं तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "कोर्टाचं काय हाय का?" म्हटलं, नाही हो, बहिणीला लिहितोय. तर म्हणतात, "म्हंजी त्येच की!"

कामाचं बोलतो. संस्थेला तू परत हवी आहेस.

होय, तीच संस्था. जिथं तू चौदा वर्षं आशाताईंना बाळंतिणीचं आणि तान्ह्या बाळाचं शिकवलंस, जिथं तूच शब्द टाकून मला 'लेखन-सहायक' म्हणून चिकटवलंस, आणि जिथून २०२१ मध्ये राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवून, जाताना पंखा बंद करून निघून गेलीस. तुझा पाच दिवसांचा वर्ग मी अठ्ठेचाळीस व्हिडिओंत बसवला होता. त्याला दूरस्थ प्रशिक्षण म्हणायचं. दूरस्थ म्हणजे शिकवणारा दूर आणि शिकणारा स्वस्थ, हा विनोद माझाच. साहेबांना तो इतका आवडला की उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी तो स्वतःच्या नावावर खपवला.

आता वारं फिरलंय. 'संमिश्र' असा नवा शब्द आलाय. म्हणजे भेळ. चुरमुरे मोबाईलवरून पाठवायचे, कांदा मात्र समोर बसून चिरायचा. महिन्यातून दोन दिवस बायकांना बोलावून हातानं करून घ्यायचं ठरतंय, आणि हातानं करून घेणारी बाई संस्थेत एकही उरलेली नाही. साहेब मला म्हणाले, "क्रांतीताई तुमच्या भगिनी ना? बघा जरा." जशी काही भगिनी म्हणजे वरच्या फळीवरची फाईल.

तुझी ती बाहुली आहे का अजून? छातीत रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा शिवलेली. तू एकेकीला पुढं बोलवायचीस आणि पदराआड फुगा दाबायला लागायचीस. बाहुलीची छाती वरखाली व्हायची, समोरची बाई घड्याळाकडं बघत अख्खं एक मिनिट श्वास मोजायची, आणि बाकीचा वर्ग चिडीचूप. एकीला चाळिसाचा वेग, दुसरीला सत्तरचा, म्हणजे शेजारणीचं उत्तर ऐकून भागायचं नाही. "समजलं का?" असं तू चौदा वर्षांत कुणाला विचारलं नसशील. "करून दाव," एवढंच.

त्या लेखाचं म्हणशील तर तो विनोद होता. पेपरातल्या 'तिकटीवरून' या माझ्या सदरात मी नगरसेवकांपासून मिसळवाल्यांपर्यंत सगळ्यांची धुलाई केली, कुणी नोकरी सोडून गेलं नाही. तूच एक 'बाहुलीबाई' हा शब्द इतका मनाला लावून घेतलास.

साहेबांना एकाएकी प्रत्यक्ष शिकवण्याची आठवण का झाली, असं विचारशील. बिद्रीच्या पलीकडं एका वाडीत एका बाळाच्या बाबतीत थोडा गोंधळ झाला. व्हिडिओत काही तांत्रिक अडचण होती म्हणतात. तो विषय वेगळा. तू येतेस का, तेवढं कळव.

तुझा
बापू

ता. क. परवा जुन्या कागदांत दोघांचे जन्मदाखले सापडले. दादांनी केवढ्या उमेदीनं क्रांती आणि संघर्ष अशी नावं ठेवली! पुढं क्रांती नर्स झाली, आणि संघर्ष लोकांना नावं ठेवायला लागला.

*

राजारामपुरी
१८ ऑगस्ट २०२४

आक्का,

तुझं पोस्टकार्ड आलं. तीन वर्षांनी तीन शब्द. "कुठलं बाळ? लिही." येतेस की नाही, याबद्दल काही नाही. मी कसा आहे, याबद्दल तर नाहीच. बरं. लिहितो.

पूर्णिमा नावाच्या बाईचं. पहिलटकरीण. जूनमध्ये सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, वजन चांगलं, रडली चांगली. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. वाडीची आशा आहे स्वप्नाली. वय सव्वीस, दोन वर्षांपूर्वी लागली. म्हणजे वर्गात एकही दिवस न बसता निव्वळ आमच्या व्हिडिओंवर तयार झालेली. ती तिसऱ्या दिवशी जाऊन आली, सातव्या दिवशी पुन्हा गेली. बाळाचं वजन घेतलं, ताप बघितला, छाती उघडी करून श्वास मोजले आणि फॉर्मवर लिहिलं: अठरा. मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर धोका, हे तिला पाठ होतं. अठरा म्हणजे कुठल्या कुठं. "पोरगी झ्याक हाय," असं बाळाच्या आजीला सांगून ती पुढच्या घरी गेली.

आठव्या दिवशी बाळानं दूध ओढायचं थांबवलं. नवव्या दिवशी सकाळी गाडी करून कोल्हापूरला आणत होते. गाडीतच गेलं. छातीत संसर्ग होता, दोन-तीन दिवसांचा तरी असावा, असं डॉक्टरांचं म्हणणं.

बारसं व्हायचं होतं. कागदोपत्री तिचं नाव 'पूर्णिमा यांची मुलगी' असं आहे. आता तेच राहील.

अठरा वाचल्याबरोबर तू थबकली असशील. तान्ह्या बाळाचे मिनिटाला अठरा श्वास असतच नाहीत, हे तुला सांगायला नको. कुठून आले, ते सांगतो. श्वास मोजायच्या व्हिडिओत बाळाची छाती दिसते आणि कोपऱ्यात एक घड्याळ. पाठीमागं बासरीची धून. घड्याळाचा काटा एक पुरा फेरा मारतो, धून संपते, आणि बाईचा आवाज म्हणतो, "असे एक मिनिट मोजा." तो फेरा पंधरा सेकंदांचा आहे. काटा पळवलेला आहे. स्वप्नालीनं पंधरा सेकंदच मोजले. अठरा चोक बहात्तर.

ही काटछाट विश्वजितनं केली. आमच्याकडं व्हिडिओंची जुळणी तो करतो. हुशार आहे, पण आरोग्यातलं त्याला काय कळणार! मी त्या वेळी हरकत घेतली होती, असं अंधुक आठवतं.

संस्थेचं म्हणणं असं की व्हिडिओत 'एक मिनिट' हे शब्द स्पष्ट आहेत, स्वप्नालीला चाचणीत शंभरपैकी शंभर आहेत, आणि प्रत्येक धड्याखाली तिनं 'समजलं' हे बटण दाबल्याची नोंद आहे. तेव्हा प्रशिक्षणात दोष नाही, दोष व्यक्तीचा. तिचं नाव यादीतून कमी करावं, अशी शिफारस गेली आहे. १३ सप्टेंबरला चौकशी समितीपुढं सुनावणी आहे. वाडीत तर आत्तापासूनच तिला कुणी दारात उभं करत नाही.

मला फक्त तांत्रिक बाजू मांडायला बोलावलंय.

बापू

*

राजारामपुरी
१ सप्टेंबर २०२४

आक्का,

दुसरं कार्ड मिळालं. "त्या पोरीला भेट. बाकीच्या बायकांचे फॉर्म बघ." दोन्ही केलं. उशीर केला, पण केलं.

एसटीनं बिद्रीला उतरलो, तिथून पुढं चालत. दारात स्वप्नालीची सासू बायडाबाई शेण काढत होती. संस्थेतनं आलोय म्हटल्यावर म्हातारीनं हात न थांबवता वर बघितलं.

"या की पावणं. मोबाईलमधनं आलासा का एसटीनं?"

आक्का, तीस वर्षं लिहितोय, पण माझ्याबद्दल इतकं नेमकं एका ओळीत मलाही जमलं नसतं.

स्वप्नाली आतून आली. बारीक अंगाची, डोळे सुजलेले. तिनं मला पाट दिला आणि स्वतः उभीच राहिली, परीक्षेला उभं राहावं तशी.

"अकरा येळा बघितलाय सर मी त्यो व्हिडिओ," म्हणाली. "श्वास मोजायचा. शंभरपैकी शंभर हायत मला."

"बस की. मोजायचं कसं शिकलीस, तेवढं सांग."

तिनं सांगितलं नाही, करून दाखवलं. उशाची गोधडी मांडीवर घेतली, बाळ असावं तशी धरली, आणि व्हिडिओतली बासरीची धून ओठांतल्या ओठांत म्हणायला लागली. म्हणता म्हणता बोटं मोडत मोजत होती. धून संपली, बोटं थांबली. "हे झालं मिनिट," म्हणाली. ती धून मी निवडली होती. गोड आहे, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

"घड्याळ नव्हतं तुझ्याकडं?"

"हाय की. पर त्ये व्हिडिओतल्या घड्याळाबरोबर जुळंना. त्यात फेरा हुयाचा, माझ्यातला काटा निम्म्यावर बी येत नव्हता. मला वाटलं माझंच घड्याळ बंद पडाय आलंय. मुरगूडच्या बाजारात सेल बदलून आणला. तरी बी मागंच. मग म्हटलं, संस्थेचं काय चुकीचं असतंय व्हय? गाण्यावर मोजाय लागलो."

ती पुढं म्हणाली, "इचारायचं हुतं ओ. पर कुणाला इचारू? खाली एकच बटन. 'समजलं.' त्ये दाबल्याबिगार फुडचा धडा उघडत न्हाई. 'समजलं न्हाई' असं बटन कुटं हाय?"

तेवढ्यात बायडाबाई उंबऱ्यावर आली. "तिच्या नावानं गाव बोंबलतंय पावणं. पूर्णिमाची सासू पाण्याला आली की ही घागर ठिऊन माघारी येती. माझी सून काय जीव घेणारी न्हाई. तिला शिकिवलं कुणी, त्याला पुसा की जरा!"

"हो," म्हटलं. त्याला पुसायलाच मी आलो होतो, आणि तो तिच्या पाटावर बसून तिचा चहा पीत होता.

आता फॉर्म. व्हिडिओवर तयार झालेल्या त्रेचाळीस बायकांचे दोन वर्षांचे फॉर्म संस्थेतल्या यंत्रात आहेत. श्वासाच्या रकान्यात काय आहे सांगू? दहा. अकरा. नऊ. बारा. दहा. चांगल्या बाळाचे मिनिटाला चाळीसेक असतात, त्याचे बरोबर पावपट. त्रेचाळीसही जणींनी पंधरा सेकंदच मोजलेत. एकीचंही चुकलेलं नाही, म्हणजे सगळ्यांनी जसं शिकवलं तसंच केलंय. आणि दोन वर्षांत कुणाच्याही नजरेला हे आलं नाही, कारण आकडा साठाला पोचला तरच यंत्र लाल होतं. आमच्या पडद्यावर अख्खा तालुका उसाच्या फडासारखा हिरवागार होता. साहेब पाहुण्यांना तो पडदा कौतुकानं दाखवायचे. मीही दाखवलाय.

पंधरा किंवा जास्त आकडा असलेले फॉर्म किती, ते मोजायला मी बसलो नाही, असं लिहिणार होतो. खोटं आहे. बसलो होतो. नऊ. आठ घरांत फोन केले, काहीतरी कारण सांगून. आठही बाळं धडधाकट आहेत. कुणी आपोआप बरं झालं, कुणाला आईनंच घाबरून दवाखान्यात नेलं होतं. नववा फॉर्म पूर्णिमाच्या मुलीचा.

आता मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करायची आहे.

विश्वजितनं काही कापलं नाही. चित्रीकरण पुऱ्या मिनिटाचं झालं होतं. चाचणीसाठी थोड्या लोकांना दाखवलं, तर विसाव्या सेकंदाला सगळे पुढं सरकवायचे. तेव्हा संहितेच्या समासात मी लिहिलं, "इथं लोक कंटाळतात. पंधरा सेकंद पुरे. घड्याळ पळवा." विश्वजित कागद घेऊन माझ्याकडं आला होता. "सर, हे खरं मिनिट आहे ना? चालेल का?" मी म्हणालो, "अरे, टीव्हीवर पुरणपोळी दोन मिनिटांत होते. कुणी कच्ची खातं का?" तो हसला. मी हसलो. चहा आला.

परवा तो घरी आला होता. तो कागद त्यानं जपून ठेवलाय, हिरव्या शाईतलं माझं अक्षर. "मी समितीला दाखवणार नाही सर," म्हणाला. "तुमचं तुम्ही बघा." आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

एक सांगितलं तसं दुसरंही सांगतो. 'बाहुलीबाई' हा लेख मला आपोआप सुचला नव्हता. तुझा वर्ग बंद करायचं आधी ठरलं होतं, पण तू अडून बसली होतीस. बायकांच्या हाताला हात लावल्याशिवाय हे शिकवता येत नाही, असं बैठकीत बोललीस. दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "जुन्या पद्धतीवर जरा होऊ दे तुमच्या सदरात. खुसखुशीत." मी करून दिलं. तीस बायका चिंध्यांच्या बाहुलीपुढं ध्यान लावून बसतात, बाहुली श्वास घेते की बाई, कोण जाणे, असं बरंच काही. पुढच्या बैठकीत तेच कात्रण तुझ्यासमोर फिरवलं गेलं. सगळे हसले. तू माझ्याकडं बघितलंस, तेव्हा मी टाचण्यांची डबी आवरत होतो.

विनोद कळला नाही, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलो. तुला चांगलाच कळला होता.

बापू

*

राजारामपुरी
७ सप्टेंबर २०२४

आक्का,

तुझं कार्ड आलं नाही. मीही वाट बघायचं सोडून दिलंय असं म्हणतो, पण पोस्टमन आला की गॅलरीत जातो.

समितीला द्यायचा जबाब लिहिलाय. पाच वेळा लिहिला. पहिल्या दोन खेपांना त्यात कोट्या आल्या. सवय. तिसऱ्या खेपेला इतकं जड मराठी झालं की मलाच वाटलं, हा माणूस निर्दोष असणार. शेवटी स्वप्नाली सांगत होती तसं, एकापुढं एक, लिहून काढलं. सोबत जोडलाय. थोडक्यात असा आहे:

"मी, संघर्ष, या संस्थेत आरोग्य प्रशिक्षणाच्या व्हिडिओंचं लेखन करतो. नवजात बाळाचे श्वास मोजण्याच्या धड्यात एका मिनिटाऐवजी पंधरा सेकंद दाखवावेत व घड्याळ पळवावं, ही सूचना माझी होती. मूळ कागद सोबत आहे. याबाबत मला विचारलं असता मी ते हसण्यावारी नेलं. या धड्यावर शिकलेल्या त्रेचाळीस आशाताईंनी पंधरा सेकंदच श्वास मोजल्याचं त्यांच्या फॉर्मवरून दिसतं. शंका विचारण्याची सोय धड्यात ठेवली नव्हती, तीही मीच ठेवली नव्हती. श्रीमती स्वप्नाली यांनी शिकवलं तसंच केलं. माझ्या हातून चूक झाली. या कामी त्यांना जबाबदार धरू नये."

तू वर्गात बायकांचे फॉर्म तपासायचीस, तसा तपासून दे. येत्या शुक्रवारी सुनावणी आहे. त्याआधी पोचेल अशा बेतानं टाक. क्षमा वगैरे मागत नाही. नुसतं तपास.

बापू

*

राजारामपुरी
४ ऑक्टोबर २०२४

आक्का,

जबाब गुरुवारी दुपारी परत आला. घाईनं पाकीट फाडलं. एकच जागा. 'माझ्या हातून चूक झाली' ही ओळ लाल शाईनं खोडून वर तुझ्या अक्षरात: 'चूक मी केली.' बाकी कशाला हात नाही. कागद उलटून बघितला, पाकीट उसवून बघितलं. अजून काही असेल असं वाटलं.

त्या दुरुस्तीनिशी नवी प्रत केली.

सुनावणी बराच वेळ चालली. खोलीत समितीची पाच माणसं, संस्थेचे साहेब, एका बाकावर स्वप्नाली आणि बायडाबाई, समोरच्या बाकावर पूर्णिमा आणि तिचा नवरा. मध्ये चार हात मोकळी फरशी. साहेबांनी पडद्यावर शंभरपैकी शंभर दाखवले, बटण दाबल्याची तारीख-वेळ दाखवली. मग मी उठून जबाब दिला, हिरव्या शाईचा कागद दिला, आणि त्रेचाळीस जणींचे आकडे वाचायला लागलो. दहा, अकरा, नऊ, बारा. समितीतल्या एक डॉक्टरबाई तिसऱ्या आकड्यालाच पुढं सरकून बसल्या.

साहेब म्हणाले, "यांचं काय मनावर घेताय? हे विनोदी लेखक आहेत."

'हसण्यावारी नेलं म्हणजे काय म्हणालात?' असं विचारून अध्यक्षांनी पुरणपोळीचं मला शब्दशः सांगायला लावलं, नोंद करायची म्हणून. सांगितलं. बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. पूर्णिमाच्या नवऱ्याला नीट ऐकू आलं नसावं, त्यानं तिला विचारलं, काय म्हणतंय? तिनं त्याला माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, बारीक आवाजात. तिच्या तोंडून ते मला ऐकावं लागलं.

मग ती उठली. पंचविशीची असेल. माझ्याकडं नाही, डॉक्टरबाईंकडं बघून म्हणाली, "खरं किती येळ मोजायचं असतंय ओ बाई?"

"एक मिनिट," त्या म्हणाल्या.

"एवढंच?" पूर्णिमा म्हणाली, आणि खाली बसली.

निकाल पंधरा दिवसांनी आला. स्वप्नालीचं नाव यादीत राहिलं. शेऱ्यात 'प्रशिक्षणातील दोष' असे शब्द आहेत. तो धडा काढून टाकलाय. त्रेचाळीसही जणींना समोर बसवून पुन्हा शिकवल्याशिवाय बाळांच्या भेटीला पाठवायचं नाही, असा आदेश आहे. तू होकार थेट समितीला कळवलास, बिद्रीला वर्ग सुरूही केलास, हे मला स्वप्नालीकडून कळलं. मला कळवायचं काही कारण नव्हतंच. माझा करार संस्थेनं फोनवरून संपवला. सदरही मीच थांबवलंय. संपादक म्हणाले, थोडे दिवस विश्रांती घ्या. त्यांना वाटतं, मला काही सुचत नाही.

स्वप्नालीनं फोन केला होता. मला वाटलं खूश असेल. म्हणाली, "नाव ऱ्हायलं सर. पर पूर्णिमाच्या दारावरनं जायाचं झालं की अजून मागल्या बोळानं जातो मी." मी म्हटलं, तुझी चूक नाही, कागदावर आहे तसं. ती म्हणाली, "कागद दारावर लावू काय?" मग कुणीतरी तिला हाक मारली, वर्ग सुरू होत होता बहुतेक. तिनं फोन ठेवला.

मी येणार नाही बिद्रीला. यावंसं वाटलं, एकदा स्टँडपर्यंत गेलोही. पण तुझ्या वर्गाच्या खिडकीशी उभं राहून स्वतःला बरं वाटून घ्यायचा माझा काही हक्क नाही.

एक सांगायचं राहिलं. सुनावणीनंतर बाहेरच्या खोलीत जबाब टाईप करून घेत होते, सहीसाठी. टाईप करणारा माणूस आपल्याकडचाच, चष्मा कपाळावर. त्या ओळीशी आला आणि थांबला.

"साहेब, 'चूक मी केली' असं हाय हितं. 'चूक झाली' करू काय? असंच घालत्यात सगळी. 'केली' म्हंजी लईच अंगावर येतंय बघा."

"राहू दे," म्हटलं.

"तुमच्या भल्याचं सांगाय लागलोय. कागद हाय, उद्या कुटं बी लावत्यात."

"राहू दे ओ. आमच्या आक्कानं तपासून दिलंय."

त्यानं चष्मा खाली घेतला, माझ्याकडं बघितलं. "आक्का काय वकील हायत्या?"

"नाही. शिकवते."

"मग काय बोलायचंच न्हाई," म्हणाला, आणि त्यानं होतं तसं टाईप केलं.

संघर्ष